वाहक

ह्या विषाणूला मराठीत वाहक म्हणतात हे वाचलं तेव्हा
ग्लासगोत, मेरीहिल रोडवरच्या खोलीत, मी एकटीच हसले.
अण्णा फलटण डेपोत वाहक होते.
बिल्ला क्रमांक दोन हजार एकशे अकरा.
चामडी पिशवी, तिकिटांची पेटी
आणि चिमट्याची ती टिकटिक.
अजून पिपेट दाबताना ती माझ्या अंगठ्याला ऐकू येते.

विषाणू तसा गरीब. कुणाला साधी शिंकही न आणणारा.
एकट्याला वंश वाढवता येत नाही;
दुसरा कुणी दांडगा घरात शिरला
की त्याच्या मागून हा, चपला दाराशी काढून.
साठ तुकड्यांचं कवच. आत जागा बेताची:
चार हजार सातशे अक्षरं.
बसून चव्वेचाळीस, उभे अकरा,
असं पत्र्यावर रंगवलेलं नसतं, इतकंच.

आम्ही त्याचं स्वतःचं सामान उतरवलं,
दोन टोकांच्या गाठी तेवढ्या ठेवल्या
आणि रक्त गोठवणारं एक जनुक आत बसवलं.
हे सांगायला एक श्वास लागतो.
मला अकरा वर्षं लागली.

त्यातली चार रिकाम्या गाड्यांची.
सेंट्रिफ्यूज रात्रभर फिरायचं, सकाळी नळीत दोन पट्टे:
वरचा जाड, दुधी. नुसती कवचं, आत कुणी नाही.
खालचा केसाएवढा, निळसर. तेवढेच भरलेले.
ह्यू रँकिन नळी दिव्यासमोर धरून म्हणायचे,
"आणखी एक देखणं अपयश, मिस तावरे,"
आणि छत्री उचलून घरी जायचे.
अण्णांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, दीड ओळीचं:
रिकामी गाडीसुद्धा
वेळेवर सोडावी लागते.

ते आले एकदाच, एका मार्चात.
दुमजली बसमध्ये चढल्या चढल्या मागं वळून बघायला लागले.
"वाहक कुठंय?"
नाही इथं.
"मग डबल बेल कोण देतं?"
उतरताना जो तो ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, ते मात्र आवडलं.
दोन थांबे अलीकडेच उतरायला लावलं मला,
थँक्यू म्हणायची घाई झाली होती.

रात्री मी माझा वाहक कागदावर काढून दाखवला.
यकृताच्या पेशीपर्यंत जातो, दार उघडतं, प्रवासी उतरतो.
"आणि गाडी?"
परत येत नाही, अण्णा. तिथंच विरघळते.
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"मग हिशोब कुठं भरतो तो?"

एकदा चाचणीसाठी निरोगी रक्त हवं होतं. मी बाही वर केली.
प्रतिपिंडं निघाली, भरपूर.
म्हणजे कधीतरी बाणगंगेकाठच्या एखाद्या
कुणी न मोजलेल्या तापात
तो मला भेटून गेला होता,
आणि माझं रक्त त्याचा चेहरा विसरलेलं नाही.
माझंच औषध मला टोचलं तर दारातच अडवलं जाईल.
आयला म्हणाली, वाईट वाटलं?
अण्णांच्या गाडीतही मला कधी फुकट बसता आलं नाही,
म्हणाले मी. तिला कळलं नाही.
मलाही नीट नाही.

रुग्ण सात. नाव आम्हाला सांगत नाहीत.
ग्रीनॉकचा, एकोणीस वर्षांचा, एवढं कुणाच्या तरी तोंडून निसटलं.
एक पिशवी, पाण्यासारखी. तासाभरात संपली.
बावन्न आठवड्यांनी चौकटीत आकडा आला: चौतीस.
शंभरातले चौतीस.
पस्तिसाला पास म्हणणाऱ्या शाळेतून आलेली मी
त्या एका गुणानं नापास आकड्यापुढं
कोट न काढता बसून राहिले.
बाहेर केल्विन दुथडी भरून.
मुलगा म्हणे आता फुटबॉल खेळतो.
गुडघा फुटतो, रक्त येतं,
थांबतं.

निवृत्तीला तीन आठवडे होते.
कागदावर आकडा उतरवून खाली रेघ ओढली,
रोजच्या भरण्याखाली अण्णा ओढायचे तशी.
सही केली नाही.
रुग्ण आठचं अजून यायचं होतं.