नाकापासून सुरुवात

सियागंजातून रंग आणायचं काम माझं.
पांढरा पाच किलो, पिवळा दोन,
लाल मात्र पुडीत, मोजून.
"गोऱ्या बाईला लाल कमी लागतो," अण्णा म्हणायचे,
"निळा जास्त. सावलीत सगळं निळंच असतं."

तिचं नाव नेल हॅवर्स्टन.
पहिल्या वेळी तेही आलं नव्हतं.
तळहाताएवढ्या फोटोत सात जणं,
आणि ती खिडकीपाशी, हातात ट्रे.
अण्णांनी तिची मान जरा वळवली, आपल्या मनाने.
प्रिन्सेस टॉकीजचे पागनीस मॅनेजर म्हणाले,
"मोलकरणीला कुणी एवढं रंगवतं होय?"

मग ती वाढत गेली.
तीन फूट, सात फूट,
एका दिवाळीला नुसतं कपाळच माझ्याएवढं.
फोटोवर पेन्सिलीच्या चौकटी, कापडावर दोऱ्याच्या.
दोऱ्याचं एक टोक मी धरायचे;
खडू फासून ताणलेला दोरा
अण्णा टिचकीने सोडत, की उमटली रेघ.
नंतर नाक. कायम आधी नाक.
नाक जमलं की बाई आली, बाकी सगळी भरती.

सिनेमा त्यांनी तिचा एकही पाहिला नाही.
इंग्रजी खेळ रविवारी सकाळी,
आणि रविवारी सकाळी अण्णा झोपत.
पागनीस छापील माहिती वाचून दाखवायचे, अर्थ लावत, अडखळत:
न्यूयॉर्कला अकरा वर्षं नाटकात होती,
पहिली दोन विंगेत, दाराची घंटा वाजवायला.
अण्णांचा ब्रश थांबला.
रामबागेतल्या गणपतीच्या नाटकांचे पडदे तेच रंगवत,
जंगल, महाल, मागे जाणारा रस्ता,
आणि घंटाही ऐनवेळी त्यांच्याच गळ्यात.
"मग बरोबर," एवढंच म्हणाले.
काय बरोबर, ते मी विचारायला हवं होतं.

एका वर्षी फोटोत तिच्या गळ्यावर दोन रेघा आल्या.
पागनीस म्हणाले, पुसा.
अण्णांनी उलट गडद केल्या:
"नाटकातली बाई आहे. लांबून दिसलं पाहिजे."
पैसे कापले गेले. आईने दोन दिवस अबोला धरला,
अण्णांशी, की त्या रेघांशी, कोण जाणे.

पुढे ती उतरत गेली, ज्या मापांनी चढली त्याच मापांनी.
हीरोची आई. कुणाची तरी सासू.
आगगाडीतली एक म्हातारी, फक्त टोपी आणि हनुवटी.
शेवटच्या सिनेमाला यादीत नावच नव्हतं,
अण्णांनीच फोटोत भिंगाने शोधली
आणि कोपऱ्यात घातली, बंदुकीच्या धुरात.
पागनिसांचा मुलगा खालून ओरडला, "ही कोण आता?"
अण्णा शिडीवर होते. उतरले नाहीत.

कापड तेच असायचं.
सिनेमा उतरला की चुना, चुन्यावर नवा सिनेमा.
टॉकीज बंद झालं तेव्हा ते वजनावर विकलं;
एक तुकडा मी घरी आणला, रिक्षात मावत नव्हता,
पाय बाहेर काढून बसले होते.
अण्णा नव्हते तोवर.

परवा शेजारच्या बुळ्यांकडे लग्न.
आचाऱ्याने भट्टीवर आडोशाला तेच बांधलं.
वाफ लागली तसा रंग सुटायला लागला, पापुद्र्यांनी:
आधी कुठलासा डाकू गळाला,
मग मिशा, मग एक हिरवी मोटार,
आणि जिलबीच्या कढईवर, सावकाश,
एक नाक.

"ये कौन है, बाई?" आचारी म्हणाला.
मी नाव सांगितलं.
"नैनाबाई?"
मी म्हटलं, हो. तीच.
त्याने वर पाहिलं, झारा तसाच हातात,
आणि मला म्हणाला, ते टोक जरा धरा,
कढई सरकवतो.
मी धरलं.