शिडी

चार गोष्टींचा एक सिनेमा केला मी. भयपट.
पहिलीत बँकेच्या नकाशावरची लाल रेघ
रात्री कागदावरून उतरते, उंबऱ्याखालून आत शिरते,
आणि सकाळी त्या घरातलं कुणीच कुणाला दिसत नाही.
दुसरीत एक डॉक्टर. "एवढं काही दुखत नसेल," म्हणायची सवय.
त्याने परत पाठवलेली प्रत्येक कळ
एकेक करून त्याच्याच अंगात मुक्कामाला येते.
तिसरी जरा फसली आहे. तिच्याबद्दल नको.
चौथी तरणतलावाची.

ती थेरॉन मामाच्या गावावरून सुचली.
अलाबामातलं लहानसं गाव, एकसष्टचा उन्हाळा.
कोर्ट म्हणालं, पाणी सगळ्यांचं.
नगरपालिका म्हणाली, मग कुणाचंच नाही.
तलाव उपसला आणि सिमेंट ओतलं, काठोकाठ.

माझ्या सिनेमात रात्री त्या सिमेंटखालून
पोरांनी उड्या मारल्याचे आवाज येतात,
आणि ज्याने आपल्या हाताने फावडं मारलं
तो मुकादम, डेल हॅगर्टी, गोरा, मानेवर भाजल्यासारख्या सुरकुत्या,
त्याच्या बुटांत रोज थोडं थोडं पाणी साचतं.
शेवटी तो बिछान्यात बुडून मरतो. कोरड्या बिछान्यात.
बर्मिंगहॅमच्या थेटरात त्या प्रसंगाला
लोक उभे राहून ओरडले.
मामा तेवढा बसून होता,
मांडीवर पॉपकॉर्नचा डबा, वरपर्यंत भरलेला.

गाडीत म्हणाला,
"तुझं पाणी फार निळं आहे."
मग पुष्कळ वेळ काही नाही. पेट्रोल पंप गेला,
चर्च गेलं, टायरचं दुकान गेलं.
"आणि हॅगर्टीसारखे लोक फावडं धरत नाहीत गं.
ते सावलीत उभे असतात.
मिक्सर मी चालवत होतो."

एकोणीस वर्षांचा. तासाला सव्वा डॉलर.
घरात तीन बहिणी, त्यातली धाकटी माझी आई.
"तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तळाशी
पोहायची एक रबरी टोपी पडली होती, लहान पोराची.
मी गाडी थांबवली नाही.
मी उतरलो असतो तर मागे ऑर्व्हिल उभाच होता,
त्याच्या मागे आणखी कुणी.
असं मी स्वतःला सांगत आलोय. खरंही असेल."
खिडकीची काच खाली केली, परत वर केली.
"आपली पोरं जाळीला नाक लावून बघत होती.
कोर्टाचं ऐकून टॉवेल घेऊन आली होती बिचारी.
तुझ्या आईचा पिवळा होता."

"मग भुतं?" मी विचारलं. मूर्खासारखं. धंदाच तो माझा.
"खालून कुणी ठोठावत नाही," तो म्हणाला.
"ती जाळीशी उभी असतात. टॉवेल घेऊन.
कोरडी."

आईने मला हे कधी सांगितलं नाही.
तिने आयुष्यभर पिवळं काही वापरलं नाही,
हे मला तेव्हा, सिग्नलला थांबल्यावर, आठवलं.

सिनेमा आता बदलता येत नाही.
हॅगर्टी रोज चार खेळांत बुडतो,
लोक पैसे वसूल म्हणत घरी जातात.
त्या रात्रीपर्यंत मीही तशीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी मामानेच गाडी वळवायला लावली.
तिथे आता औषधांच्या दुकानाचं पार्किंग आहे.
कडेला, कचऱ्याच्या पेटीजवळ, डांबरातून वर आलेल्या
स्टीलच्या दोन वाकड्या मुठी:
तलावात उतरायच्या शिडीच्या.
कापून काढायचं काम त्याच्याकडे होतं.
"विसरलो," म्हणाला. साठ वर्षं उलटून गेल्यावर,
आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.
लोक तिथे कुत्री बांधतात.
एक होतं बांधलेलं, तपकिरी,
मामाचे बूट हुंगून परत बसलं.

त्याने टोपी माझ्या हातात दिली.
मुठी धरल्या. तापल्या होत्या, सोडल्या, पुन्हा धरल्या.
शिडी उतरताना करतात तशी पाठ तलावाकडे केली,
आणि डावा पाय मागे, खाली,
डांबरावर
पायरी चाचपत राहिला.