भुईकाटा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत गुरुवारी सुट्टी.
लेथ गप्प. पत्र्यावर कावळे चालतात
तेवढंच ऐकू येतं.
अशा दिवशी आम्ही दोन गाड्यांवरून भांडतो.

एक किरीटभाईच्या मामांची.
चौऱ्याहत्तर सालची, पाचरीसारखी,
मोंबासाहून लाकडी खोक्यात आली, सोबत
लवंगांचं पोतं आणि मामांच्या स्वाहिली शिव्या.
तिचं इंजिन मागे; म्हणजे अगदी मागे नव्हे,
सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे,
माणसाची मूत्रपिंडं असतात तिथे.
विश्वामित्रीच्या काठावर मगर पडते
तशी ती शेडमध्ये पडून असते.
मेलीय असं वाटतं.
जवळ जाऊ नये.

दुसरी माझी. दोन वर्षांची,
इंजिन पुढे, टप कापडाचा,
बॉनेट एका बोटाने उचलावं इतकं हलकं.
"नऊशे नव्वद किलो," मी म्हणते.
"कागदावर," दुष्यंत शिर्के म्हणतो,
"कागदावर मीही सत्तर आहे."

शिर्केचं म्हणणं, वजन किती ते सोड, कुठे ते बोल.
हंडा डोक्यावर घे नाहीतर हातात घे,
पाणी तेवढंच,
चालणं वेगळं.
मध्ये इंजिन असलं की गाडी वळणाला विचारत नाही.

आणि चुकलं की सांगतही नाही, मी म्हणते.
मामा एकदा आजव्याच्या रस्त्यावर असे गरकन फिरले
की काचेतून त्यांना समोर बडोदंच दिसलं,
जिथून ते निघाले होते.
माझी निदान आधी कुजबुजते,
स्टिअरिंगमधून, तळहाताला.

"म्हणजे नेहमी चुकते," शिर्के म्हणतो.

किरीटभाई भांडत नाही.
सेव-उसळीवर आणखी तर्री ओततो, पाव मोडतो,
"तोली लो ने, उत्तराबेन."

पोरच्या पुढे, कापसाच्या ट्रकांमागे
आम्ही भुईकाट्याच्या रांगेत उभे राहिलो.
काट्यावाल्याने खिडकीतून डावीकडे पाहिलं,
उजवीकडे पाहिलं,
मग उठून खाली पाहिलं.
एका क्लीनरने विचारलं, याच्यात भरतात काय?

मामांची: एक हजार वीस.
माझी: एक हजार वीस.

शिर्के म्हणाला, पुन्हा चढव.
पुन्हा तेच.
काट्यावाला चहा फुंकत म्हणाला,
हा काटा वीसच्या खाली बघत नाही,
वीस किलो म्हणजे इथे चाकाचा चिखल.

मी स्टेपनी काढून ठेवली होती.
शिर्केने मामांच्या क्लचच्या पेडलला
दिवाळीच्या सुट्टीत बसून भोकं पाडली होती,
नऊ भोकं, प्रत्येकाची कड कानसीने मऊ केलेली.
सहा महिन्यांचं भांडण
एका ट्रकच्या चिखलात बसलं.

पावतीवर, मालाच्या रकान्यात,
गुजराती अक्षरात त्याने लिहिलं होतं: खाली.
त्याच्या भाषेत रिकामी.
शिर्केने आपल्या भाषेत वाचलं, खूश झाला,
"बरोबर. दोन्ही खालीच आहेत."

परतताना किल्ल्या कुणी बदलल्या आठवत नाही.
मामांच्या गाडीत इंजिन बसतं
मागच्या बाकावरच्या मुलीने
आपली वही डोकावून वाचावी तसं.
तिसऱ्या गिअरला पाठ तापली.
जांबुव्याच्या पुलाअलीकडे एक वळण आहे,
रोजचंच, आजवर मी ते वळण मोजलं नव्हतं.
ते माझ्या कमरेतून गेलं.

पुढे शिर्के, टप उघडा,
टोपी उडाली ती दुभाजकावरच्या कण्हेरीत अडकली.
तो थांबला नाही.

शेडमध्ये उतरून तो म्हणाला,
"पेडल फार जवळजवळ आहेत."
मी म्हटलं, "ह्या आरशात काही दिसत नाही."
माझ्या पाठीवर सीटच्या आकाराचा घाम होता
आणि त्याचं कपाळ उन्हाने लाल झालं होतं.

किरीटभाईने दोघांना चहा दिला,
पावत्या खिळ्याला टोचल्या,
मामांची वर, माझी खाली,
की उलट.