तीन मिलीमीटर

आम्ही सगळे मिळून सात.
आठवा येतो तो फक्त केक खायला,
असं हिल्या म्हणते, आणि मोठा तुकडा त्यालाच देते.

बैठक मंगळवारी, लायब्ररी बंद झाल्यावर.
किल्ली माझ्याकडे, म्हणून मी अध्यक्ष.
क्रांती वगैरे शब्द आमच्यात कुणी काढत नाही.
आम्ही म्हणतो, हरकत क्रमांक एकेचाळीस.
आम्ही म्हणतो, परिशिष्ट क.
आम्ही म्हणतो, स्टेपलरच्या पिना कुणी संपवल्या?

कंपनीला हाल्लिकसोची दलदल हवी आहे.
सगळी नको, असं ते अगदी नम्रपणे सांगतात.
नकाशावर साबणाच्या वडीएवढा पिवळा चौकोन, बस्स.
तिथलं पीट पोत्यांत भरून
एस्टोनियाबाहेर जाईल,
दूरच्या कुठल्या खिडकीत कुणाचं जिरेनियम फुलेल.
‘फुलांवर आमचा राग नाही’, हेही मी लिहिलं होतं.
उर्मासनं खोडलं.
फुलांचं विचारलंय कुणी?

उर्मासनं जुन्या राजवटीत चर खणले,
नव्या राजवटीतही.
दलदलीच्या अंगातलं पाणी काढून घेणं हे त्याचं काम,
आणि त्याच्या कामात खोट नसायची.
तो आमच्यात का आला, ते कुणी विचारलं नाही.
एका मंगळवारी आला, ओले बूट दाराबाहेर काढले,
हातानं काढलेला चरांचा नकाशा टेबलावर पसरला
आणि म्हणाला, पाणी कुठून निसटतं ते मला ठाऊक आहे.

वसंतात क्रौंच मोजले.
पहाटे तीन, एक थर्मास, गुडघ्यापर्यंत थंडी.
केर्टू म्हणाली सतरा, तिचा मुलगा म्हणाला एकोणीस.
आम्ही सतरा लिहिले.
खोटं न बोलता भांडायचं
तर दोन क्रौंच सोडून द्यावे लागतात आकाशात.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी. खुर्च्या मऊ.
कंपनीचा वकील कोवळा पोरगा, आजोळ इथलंच.
मधल्या सुट्टीत हळूच विचारू लागला,
ती केशरी बोरं अजून मिळतात का हो, दलदलीतली?
हिल्याच्या पिशवीत त्याच बोरांच्या मुरंब्याची बरणी होती.
तिनं पिशवीचं तोंड आवळून धरलं.
निकालाआधी दिली तर लाच होईल.

अधिकारी बाईंनी विचारलं,
तुमचं नेमकं नुकसान काय?
(कायद्यात नुकसान माणसाचंच व्हावं लागतं.)
उत्तर तयार होतं, पान बावीस, विहिरींची पातळी.
पण उर्मास उठला. बोलणाऱ्यांच्या यादीत नसलेला उर्मास.

काठी घालून पाहिली होती मी, म्हणाला. सात मीटर.
वर्षाला एक मिलीमीटर वाढते ती.
गुणाकार तुम्ही करा.
मी जेवणाच्या सुट्टीआधी
हजार वर्षं उपसून टाकायचो, बाई,
आणि मग भाकरी खायचो.

बसला.
इतिवृत्तात यातलं काही आलं नाही.
पान बावीस आलं.

नोव्हेंबरात टालिनहून पत्र, साध्या टपालानं.
परवानगी नाकारलेली नाही. दिलेलीही नाही.
नवा अभ्यास, नवी मोजणी, तीन वर्षं स्थगिती.
पेपरात चार ओळी, त्यात आमच्या गटाचं नाव चुकलेलं.
आठव्यानं पहिल्यांदाच केक आणला,
विकतचा, थोडा कोरडा,
आणि आपण जिंकलो की हरलो
यावर कुणाचंच एकमत होईना.

उर्मासनं चिमूट वर धरली, दिव्यासमोर.
तीन मिलीमीटर, म्हणाला.
त्या फटीतून तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला,
एक डोळा मिटून,
माझ्याकडे, केर्टूकडे, केकच्या चुऱ्याकडे.

बरणी अजून इथंच आहे, परत आलेल्या पुस्तकांच्या फळीवर.
वर त्या पोराचं नाव लिहिलंय.
निकाल लागलेला नाही ना.

पुढच्या मंगळवारी पिना आणायच्या.
कुणीतरी लिहून घ्या.