रकाना क्रमांक सात

लेखा विभागातल्या कूलरमध्ये पाणी नाही,
तरी तो फिरतो,
मे महिन्याची धूळ फायलींवर वाटत.

तलाव सफाईचं अनुदान : अर्ज एकोणीस.
सतरांना मोजणीचा नकाशा नाही.
एकाला नकाशा आहे, तलाव नाही.
उरला हेमराज निखारे, तांडापेठ.

रकाना सात : गाळ कोणामुळे?
बाकीच्यांनी लिहिलं 'अज्ञात',
कोणी 'आपलंच कार्यालय', एकानं 'वरच्याची मर्जी'.
यानं वडिलांचं नाव. पूर्ण, वळणदार अक्षरात.
खाली बारीक :
'आमच्या रंगाच्या हौदाचं पाणी
तिथंच सोडत होतो साहेब.
मंगळवारी लाल, शुक्रवारी हिरवं.
पोट्टे तलाव पाहून वार सांगत.'

फाईल समितीकडे गेली, दोन महिन्यांनी उतरली.
शेरा : खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करावा.
सदर इसम मयत असल्यास दाखला जोडावा.

त्यानं जोडला.
दाखल्याला टाचणीनं लुगड्याचा एक तुकडा,
लाल, चाळीस वर्षांचा.

आवक वहीत मी लिहिलं, सहपत्रे दोन.
ऑडिटवाले विचारतील, हे दुसरं कशाचं?

थुंकी लावून पान उलटताना
ओलं बोट कापडावर घासलं गेलं.
उजेडात धरून पाहिलं.
काहीच लागलं नव्हतं.
रंग पक्का होता.