तिसरा गिअर

आडगाव नाक्याच्या पुढे, ट्रक टर्मिनलच्या भिंतीला लागून
गुलाब तांबोळी मिस्त्रींचं गॅरेज.
मी तिथं पाने पुसायचो, दोन वर्षं.

दौलत सानप आला तेव्हा मे होता,
बॉनेटवर हात ठेवला तर कातडी निघावी अशी दुपार.
म्हणाला, घाटात काळं ओकते.
वाशीहून अंबडला पत्र्याच्या कॉइली,
कसारा लागला की दुसऱ्याच्या वर जीव नाही.
मागच्यांचे हॉर्न ऐकून कान किटले.

मिस्त्रींनी पंपाला हात लावला नाही.
घास मोठाच आहे रे हिचा, म्हणाले,
नाक चोंदलंय.

मग उलगडत गेलो आम्ही ते नाक.
एअर क्लीनरच्या तळाशी तेलाचा चिखल,
त्यात एक गांधीलमाशी, बाभळीची पानं,
कुठल्या कुठल्या जिल्ह्यांची धूळ.
रबरी होसचा आतला पदर सुटून
जिभेसारखा वाटेत आडवा.
आणि पत्र्याचे दोन कोपरे, दोन्ही काटकोनात.
हवेला कवायत करायला लावलीय, मिस्त्री म्हणाले.

त्यांनी एकच लांब वळण वाकवलं,
नळीत रेती ठासून, तापवून,
म्हणजे पोटात सुरकुती पडत नाही.
तोंड केबिनच्या पाठीमागून वर नेलं,
इंजिनाच्या धगीपासून लांब.
मॅनिफोल्डची भोकं मी घासली.
ओतकामातले काटे, गॅस्केटपाशी उंबरठ्यासारखी वर आलेली धार.
डोळे मीट, बोट घाल.
जिथं बोट अडेल तिथं हवा अडेल.
तीन दिवस.
माझ्या बोटाचा ठसा कुठल्याच कागदावर उमटला नसता.

सेल्फ मारला तर आवाजच निराळा,
रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा.
धूर आधी राखाडी, मग शोधावा लागला.

आठ दिवसांनी दौलत आला. राहिलेले पैसे दिले. बसून राहिला.
घाट तिसऱ्यात काढते, म्हणाला.
मग?
मग काही नाही.
वरच्या वळणाला एक म्हातारी असते, करवंदंवाली.
दुसऱ्यात गाडी रांगायची,
ती सोबत चालत खिडकीत द्रोण द्यायची,
मी वरून नोट सोडायचो.
अकरा उन्हाळे. थांबलो कधीच नाही.
परवा बघतो तर ती आरशात,
हात वर, द्रोण तसाच.

मिस्त्री पकडीत धरलेला नट बघत राहिले.
जुने कोपरे हवेत का परत?
छ्या, दौलत म्हणाला. काल मुद्दाम दुसऱ्यात टाकली.
मागून हॉर्नचा हा दणका!
आणि ती विचारते,
गाडी आजारी पडली का रे बाबा?

केबिनमधून त्यानं द्रोण आणला, पानं कोमेजलेला.
ग्रीसच्या हातांनी खाल्ली आम्ही तिघांनी,
चीक ओठांना धरत होता.
मिस्त्री बिया त्या जुन्या कोपऱ्यात थुंकत होते,
एकेक,
वळणावर टिक वाजून
मग खाली पडणाऱ्या.