सातशे बारा

उद्यमनगरात, लेथच्या खडखडाटात
पहिला बोर्ड मी जाळला.
वास आला, दिवा गेला.
मुजावरकाका नुसतं म्हणाले,
"लई जोरात बोललास त्याच्याशी."

जुना पाच व्होल्टचा गडी.
नव्याला तीन पॉइंट तीनच्या वर सोसत नाही.
लक्ष्मीपुरीतून रेझिस्टर आणले,
एक किलोओहमचा वर, दोनचा खाली,
मधल्या सांध्यातून काढला
झेपेल एवढाच आवाज.

एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावलं,
तरी स्क्रीनवर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं.
काकांनी सुटलेली काळी वायर उचलली,
"जमीन एक केलीस का, लेका?"

रात्री आठला भट्टीचा आकडा
पलीकडं पोचला: सातशे बारा.

जळका बोर्ड अजून
कॅलेंडरशेजारी खिळ्याला आहे.
टाकू देत नाहीत काका.